जोडबोट आणि जोडवी

लाडक्या चिऊ,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. खानापुरात हळदीकुंकवाला आलेल्या कुणीतरी तुझ्या पायांची जुळलेली बोटं बघून म्हटलं, "आईनं ग्रहणात विळी धरली असणार." ते खरं का, आणि मोठेपणी तुला जोडवी घालता येतील का, असं तू विचारलंस.

विळीचा काही संबंध नाही, बाळा. त्या ग्रहणात मी काकडी चिरली होती, हे खरं. पण तेव्हा मला पाचवा महिना होता, आणि बाळाची बोटं सुटी होतात ६ ते ८ आठवड्यांत. त्याआधी पाऊल उलथन्याच्या पात्यासारखं सपाट असतं. मग बोटांमधल्या पेशी ठरल्या वेळी आपणहून मरतात आणि फटी पडतात. बदकाच्या पायात त्या पेशी टिकतात, म्हणून त्याला पडदा असतो. तुझ्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटांमध्ये थोड्या राहून गेल्या, काकडीच्या कितीतरी आधी.

हे काम जनुकं चालवतात, आणि ती घरातूनच येतात. बाबाचा डावा पाय बघ, बोटं फाकवली तरच कातडी दिसते. आजीच्या दोन्ही पायांना मात्र पहिल्या पेरापर्यंत जोड आहे. वारसा तोच, दिसतो कमीजास्त. असा जोड आई किंवा बाबाला असला, तर बहुधा प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. २ नंबरच्या गुणसूत्रावरचं हॉक्स-डी-१३ हे जनुक बिघडलं तर जोडलेल्या बोटांत जादा बोटही येतं. तुझं तसं नाही. हाताची बोटं जुळलेली असली की बहुतेकदा ऑपरेशन करतात, तुझ्या पायांना त्याची गरज नाही.

तुझ्या पणजीला मात्र आजीच्या पायांवरून जन्मभर बोल ऐकावे लागले. त्याचा मला अजून राग येतो. ग्रहणात दाराआड बसवलेली ती बाई, आणि दोष तिचाच!

आता जोडवी. शेजारच्या कन्नड काकू त्यांना कालुंगुर म्हणतात, त्यांच्यातही लग्नात घालतात. आजीची नीट बघ: इतरांची तीन वेढ्यांची असतात, तिची एकाच वेढ्याची, आणि बोटाच्या मुळाशी न बसता जोडाच्या वर बसतात. सोनारानं माप घेऊन केलीत. संध्याकाळी ती पडवीत पाय पसरून बसली की विचार तिला, दाखवेल. आणि पाचव्या महिन्याचं तिला नक्की सांग.

तुझी,
आई