वेदर की क्लायमेट?

प्रश्न: वेदर आणि क्लायमेट, मराठीत दोन्हीला आपण हवामानच म्हणतो, मग इंग्रजीत दोन शब्द कशाला?

उत्तर: घोळ आपल्या हवामान या शब्दानेच घातलाय. वेदर म्हणजे आज दुपारी पाऊस येणार का, उद्या ऊन किती, असलं रोजचं, तासातासाला बदलणारं. क्लायमेट म्हणजे त्याच जागेचा बऱ्याच वर्षांचा हिशोब, सहसा ३० वर्षांच्या नोंदी धरतात, आणि नुसती सरासरी नाही हां, थंडी-ऊन किती टोकाला जातं तेही त्यात आलं. एखादा दिवस कडाक्याचा गार पडला की 'कुठंय तुमचं ग्लोबल वॉर्मिंग' असं विचारणारे भेटतात ना, ते वेदर बघून क्लायमेटवर बोलत असतात. आता पेपरवाले वेदर फोरकास्टला हवामान अंदाज आणि क्लायमेट चेंजला हवामान बदल लिहितात, मग गोंधळ होणारच की!