आधी रोजनिशीचं पान, मग सनावळ्या

इतिहासाच्या तासाला मुलं पेंगतात, काय करू, असं तुम्ही विचारलंत. शिकवायला लागलो त्या पहिल्या वर्षी मीही फळा भरून सनावळ्या लिहायचो. मुलं निमूटपणे उतरवून घ्यायची आणि परीक्षा झाली की विसरायची. तेव्हा तुमचा वर्ग पेंगतो म्हणून वाईट वाटून घेऊ नका, फक्त धड्याची सुरुवात बदला.

फ्रेंच राज्यक्रांतीचंच घ्या. मी कारणांची यादी देत नाही. फळ्यावर तारीख लिहितो, १४ जुलै १७८९, आणि पुढे दोनच शब्द: 'काही नाही'. त्या दिवशी पॅरिसमध्ये जमावाने बॅस्टिलचा तुरुंग ताब्यात घेतला आणि फ्रान्सचा राजा सोळावा लुई याच्या रोजनिशीत नोंद आहे ती एवढीच. मग मी गप्प बसतो. (हे गप्प बसणं शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.) "राजाला पत्ताच नव्हता?" "वेडा होता का तो?" पुरेसा कल्ला झाला की सांगायचं, ती रोजनिशी मुख्यतः शिकारीची नोंदवही होती, 'काही नाही' म्हणजे शिकार नाही. मघाशी राजाला मूर्ख ठरवून मोकळी झालेली मुलं चपापतात. पुरावा कसा वाचायचा यावर वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही. पावाची महागाई, कर, सरकारी कर्ज हे मग तीच खोदून खोदून विचारतात.

नाटुकली, वेशभूषा वर्षातून एकदा ठीक. तयारीतच तास जातात. व्हिडिओ पाच मिनिटांच्या वर नको. आणि असा तास आठवड्याला एकच बसवा. रोज जमणार नाही, अभ्यासक्रमही संपवायचाच आहे ना!