शिगेला पोचते ती ‘शीग’ कोणती?

प्रश्न असा आहे : ‘सामन्याची उत्कंठा शिगेला पोचली’ असं आपण नेहमी वाचतो. यातली शीग म्हणजे काय? शिखराचंच हे बोलीतलं रूप आहे, की शिंगाशी याचं काही नातं आहे? आणि लिहायचं कसं : शिगेला, शीगेला की शिंगेला? जोडीला असंही विचारलं आहे की ‘पैशाला पासरी’ आणि ‘पायलीचे पन्नास’ यांतली पासरी नि पायली म्हणजे नेमकं किती.

या सगळ्या शब्दांचं मूळ घर एकच आहे, धान्याचं खळं आणि बाजारातलं मोजमाप. म्हणून उत्तर एकत्रच देते.

शेर, मापटं, पायली असं कुठलंही माप धान्याने काठापर्यंत भरलं आणि तरीही वरून धान्य सोडत राहिलं, की काठाच्या वर एक निमुळता ढीग उभा राहतो. त्या ढिगाला शीग म्हणतात. घरी करून पाहण्यासारखं आहे. एका परातीत पितळी शेर किंवा साधा डबा ठेवा आणि ओंजळीने ज्वारी सोडा. काठ भरला की मध्ये टोक धरायला लागतं. मग ते टोक वाढत जातं, त्याचे उतार चहूकडून काठाला भिडतात, आणि मग अशी वेळ येते की आणखी मूठभर ज्वारी टाकली तर मूठभर ज्वारी कडेने घरंगळून परातीत पडते. टोक तिथंच राहतं. माप शिगेला पोचलं ते या वेळी.

म्हणजे ‘शिगेला पोचणे’ याचा अर्थ नुसता ‘खूप वाढणे’ नाही. आता यापुढे एक दाणाही मावणार नाही, पुढचा दाणा सांडणारच, इतकं भरणं, हा त्याचा अर्थ आहे. शिखरावर माणूस चढतो; शीग मात्र खालून भरत येते. म्हणून हा वाक्प्रचार थेंबाथेंबाने साचत जाणाऱ्या गोष्टींना शोभतो : उत्कंठा, उत्सुकता, तणाव, संताप, प्रचाराचा जोर. ‘कांद्याचे भाव शिगेला पोचले’ हे कानाला खटकतं ते यामुळेच. भाव कशात भरत नाहीत. ते चढतात, कडाडतात, गगनाला भिडतात. ‘तणाव आणखी शिगेला पोचला’ हेही बरोबर नाही, कारण शिगेनंतर ‘आणखी’ला जागाच उरत नाही. ‘वाद शिगेला पेटला’ असंही छापलेलं दिसतं. त्यात दोन वाक्प्रचारांची सरमिसळ आहे. वाद पेटतो, विकोपाला जातो किंवा शिगेला पोचतो. तिन्हींपैकी एक निवडावं.

लेखनाचा प्रश्न व्याकरणच सोडवतं. शीग हे स्त्रीलिंगी नाम आहे. जीभ–जिभेला, वीट–विटेला, भीक–भिकेला, तसंच शीग–शिगेला. सामान्यरूप होताना पहिल्या अक्षराचा दीर्घ ईकार ऱ्हस्व होतो, म्हणून ‘शीगेला’ चूक. ‘शिंगेला’ तर होऊच शकत नाही. शिंग हे नपुंसकलिंगी, त्याची रूपं शिंगाला, शिंगांना अशी होतात. शिंगाचा संबंध असता तर आपण ‘उत्कंठा शिंगाला पोचली’ म्हटलं असतं.

याच शब्दाचं दुसरं सुंदर रूप ‘शिगोशीग’. गावोगाव, घरोघर या घडणीचा हा शब्द आहे; पहिला ‘शि’ ऱ्हस्व, शेवटचा ‘शी’ दीर्घ. शिगोशीग आणि काठोकाठ यांत हल्ली फरक केला जात नाही, तो करायला हवा. काठोकाठ म्हणजे कडेपर्यंत. विहीर, घागर, दुधाचा पेला काठोकाठ भरतो. शिगोशीग म्हणजे कडेच्याही वर. पाण्याला शीग लागत नाही, त्यामुळे ‘धरण शिगोशीग भरलं’ हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर माप नसल्याचं लक्षण आहे. धान्य, पीठ, साखर, शेंगा, फुलांची परडी, फळांची पाटी या गोष्टी शिगोशीग भरतात.

आता शिगेला एवढं महत्त्व कशासाठी, हे पाहू. माप दोन तऱ्हांनी देता येतं : शीग लावून, किंवा काठावरून हात वा पट्टी फिरवून सपाट. देवघेवीत कुठली तऱ्हा हे आधी ठरलेलं असावं लागे, कारण यात खरोखरच मोठा फरक पडतो. कोरड्या गव्हा-तांदळाच्या ढिगाचा उतार साधारण २५ ते ३० अंशांचा असतो. २७ अंश धरू. मापाचं तोंड १५ सेंटिमीटर रुंद आणि मापाची उंची १५ सेंटिमीटर असेल, तर आत सुमारे २६५० घनसेंटिमीटर धान्य मावतं, आणि वरची शीग पावणेचार सेंटिमीटर उंच उभी राहून २२५ घनसेंटिमीटरच्या आसपास भरते. म्हणजे शेकडा आठ-साडेआठ जास्त. आता आत तेवढंच धान्य मावणारं, पण पसरट माप घ्या : तोंड २० सेंटिमीटर, उंची साडेआठ सेंटिमीटरच्या किंचित आत. याची शीग पाच सेंटिमीटर उंच आणि ५३० घनसेंटिमीटरची होते. शेकडा वीस! पोटात दोन्ही मापं सारखी, पण शीग लावून मोजलं की एकात दुसऱ्यापेक्षा तीनशे घनसेंटिमीटर धान्य जास्त जातं. तोंड रुंदावलं की शीग फार झपाट्याने वाढते. घ्यायचं माप पसरट आणि द्यायचं माप अरुंद ठेवलं, तर दोन्ही खरी असूनही समोरचा नाडला जातो. ‘मापात पाप’ या दोन शब्दांत हा सगळा हिशेब आहे.

लबाडीच्या आणखीही तऱ्हा होत्या. माप भरताना हलवलं, ठोकलं किंवा उंचावरून धार सोडली की दाणे दाबून बसतात आणि धान्य जास्त जातं; अलगद भरलं की मध्ये पोकळी राहते आणि कमी जातं. बुडाला पोचा पाडलेलं माप दिसायला तेवढंच, पण आत कमी घेतं. ओलसर धान्याची शीग उंच राहते, कारण दाणे एकमेकांना धरून राहतात; वाळलेलं धान्य लगेच घसरतं. म्हणूनच मोजणारा माणूस स्वतंत्र असे. त्याला मापारी म्हणत. आजही बाजार समितीत धान्य तोलणाऱ्याला मापाडी म्हणतात. हातातलं माप जाऊन वजनकाटा आला तरी नाव मापाचंच राहिलं. मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायची रीतही इथलीच : लाभ, दोन, तीन…

मापांची उतरंड अशी. दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं एक चिपटं, दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर. म्हणजे शेराचा निम्मा मापटं, पाव हिस्सा चिपटं, आठवा कोळवं, सोळावा निळवं. शेराच्या वर दोन शेरांची अधोली, चार शेरांची पायली. पायल्यांचा मण मात्र सगळीकडे एक नव्हता. कुठे बारा पायल्यांचा, कुठे सोळा पायल्यांचा. वीस मणांची खंडी. पायलीपर्यंत खालची पायरी वरचीच्या निम्मी असल्याने कागद-पेन्सिलीशिवाय हिशेब होई, निरक्षर माणसालाही. ‘पायलीची सामसूम, चिपट्याची धामधूम’ ही म्हण आता नीट कळेल. पायली चिपट्याच्या सोळापट असते. भरलेला मोठा गप्प बसतो आणि एवढंसं चिपटं गडबड करतं. ‘पायलीचे पन्नास’ म्हणजे मापाने ओतून मिळावेत इतके मुबलक, म्हणून ज्यांचं अप्रूप नाही असे.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक सांगायला हवी. ‘पायली म्हणजे किती किलो?’ हा प्रश्नच अपुरा आहे. निळवं ते पायली ही मापं आहेत, वजनं नाहीत. ती आकारमान मोजतात. एक लिटरच्या डब्यात गहू पाऊण किलोच्या थोडे वर बसतात आणि चुरमुरे जेमतेम शंभर ग्रॅम. म्हणून पायलीभर गहू आणि पायलीभर चुरमुरे यांचं वजन एक असणं शक्य नाही. घोळ होतो तो शेर, मण आणि खंडी या शब्दांमुळे, कारण ते मापातही आहेत आणि वजनातही. मापी शेर वेगळा, वजनी शेर वेगळा. वजनी पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. त्या हिशेबाने मण ४० शेरांचा, ३७ किलोंहून थोडा जास्त. ‘पायली म्हणजे चार शेर, शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, म्हणून पायली ३ किलो ७३२ ग्रॅम’ हे गणित दिसायला चोख आहे, पण त्यात मापी शेराच्या जागी वजनी शेर घुसला आहे.

जुन्या वहीतली भाजणी किंवा मेतकूट करताना याचा थेट उपयोग होतो. ‘तांदूळ एक शेर, हरभऱ्याची डाळ एक मापटं, उडदाची डाळ एक चिपटं’ असं लिहिलेलं असेल, तर किलोत बदलायला जाऊ नका. हे ४ : २ : १ असं प्रमाण आहे. कोणतीही एक वाटी घ्या, तांदळाला चार, हरभरा डाळीला दोन, उडीद डाळीला एक. अट एवढीच की वाटी शेवटपर्यंत तीच हवी आणि भरण्याची तऱ्हाही तीच : सगळं शीग लावून किंवा सगळं सपाट. धान्य शिगेने आणि मसाल्याचं साहित्य सपाट घेतलं की चव उतरते, आणि दोष भाजण्याला दिला जातो. पिठाची शीग तर धान्यापेक्षा पुष्कळ उंच उभी राहते, तेव्हा पीठ आणि साखर एकाच वाटीने घ्यायची असेल तर दोन्ही सपाटच घ्यावीत.

लग्नात नवी सून उंबऱ्यावर उजव्या पायाने जे लवंडते तेही हेच धान्याचं माप. ‘माप ओलांडणे’ हा शब्द तिथून आला. आता त्या जागी कलश किंवा तांब्या ठेवतात, आणि माप हा शब्द तिथे का आहे हे सांगावं लागतं.

वजनांकडे वळलं की पासरी भेटते. पासरी म्हणजे पाच शेर. पाच आणि शेर हे दोन्ही शब्द त्यात आजही दिसतात. आठ पासऱ्यांचा एक मण. ‘पैशाला पासरी’ म्हणजे एका पैशात पाच शेर. यातला पैसा जुना धरायचा : १ एप्रिल १९५७ पासून शंभर नव्या पैशांचा रुपया झाला, त्याआधी रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे होते. तेव्हा पैशाला पासरी म्हणजे रुपयाला ६४ पासऱ्या, ३२० शेर, तब्बल आठ मण! धान्याचा असा भाव कुणी लावणार नाही. अतिशयोक्ती किती मोठी होती हे हिशेब केल्यावरच जाणवतं. हल्ली ‘पैशाला पसरी’ असं लिहिलं जातं ते पसरण्याच्या भासाने, ते टाळावं. ‘पैशापासरी’ हे जोडरूप मात्र रूढ आहे.

शेराच्या खालच्या वजनांत पावशेर आणि छटाक सरळ आहेत. छटाक शेराचा सोळावा भाग, पाच तोळ्यांचा. गंमत आहे ती नवटाकाची. पावशेराच्या निम्म्या वजनाला, म्हणजे शेराच्या आठव्या हिश्शाला, अदपावही म्हणतात आणि नवटाकही. आठव्या भागात ‘नव’ कुठून आलं? टांक हे एक छोटं वजन होतं आणि शेराचे ७२ टांक होत. ७२ चा आठवा भाग नऊ. नऊ टांकांचं ते नवटांक, आणि अनुस्वार गळून नवटाक. ८० तोळ्यांच्या शेरात ते दहा तोळे भरतं, म्हणजे सुमारे ११७ ग्रॅम. दारूच्या गुत्त्यावर हा शब्द टिकला आणि त्यामुळे घरातून हद्दपार झाला, पण चहापूड आणि हळदही एके काळी नवटाकानेच आणली जाई.