जुना लॅपटॉप भंगारात काढण्याआधी

जुन्या लॅपटॉपवर कोणतं लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकावं, असं विचारलंत. रॅम ४ जीबी आहे म्हणताय, मग चिंता नको. लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. २ जीबीच असती तर लुबंटू हे आणखी हलकं लिनक्स सुचवलं असतं. ‘सर्वात हलकं लिनक्स कोणतं’ या वादात इतक्यात पडूच नका.

१. फोटो, कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करा आणि तिथे उघडतात का तेही बघा. इन्स्टॉल करताना ‘डिस्क पुसा’ निवडलंत की जुनं सगळं गेलं.

२. रिकाम्या ८ जीबी पेनड्राइव्हवर रूफस या विंडोजवरच्या मोफत प्रोग्रामने मिंटची आयएसओ (डाउनलोड केलेली इन्स्टॉलची फाइल) चढवा. नुसती फाइल कॉपी-पेस्ट केली तर लॅपटॉप त्यावरून सुरू होत नाही. नवशिके हमखास इथेच अडकतात.

३. लगेच इन्स्टॉल नको. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून वाय-फाय, आवाज, टचपॅड तपासा. तेव्हा जरा रखडेल, त्यावरून मत बनवू नका.

थोडे पैसे घालायची तयारी असेल तर जुनी हार्डडिस्क काढून २.५ इंची साटा एसएसडी (त्याच जागी बसणारी, कितीतरी वेगवान डिस्क) बसवा. खरा फरक तिथे पडतो, सिस्टिम कुठलीही असो. ब्राउझर मात्र जडच राहणार. वीस टॅब उघडून लिनक्सला बोल लावू नका! टर्मिनल, पार्टिशन वगैरे पुढे बघू.