इंदूरहून पातालपानी धबधबा: पाहुणे घेऊन गाडीने एका दिवसात जमेल का?

आरामात जमेल. राऊ, महू आणि पातालपानी, अंतर जेमतेम ३५ किलोमीटर. पण उन्हाळ्यात नेऊ नका. नुसता खडक बघून पुण्याचे पाहुणे हसतील! जुलै ते सप्टेंबर, तेही शक्यतो रविवार सोडून. सकाळी पोहे-जिलेबी उरकून सातला निघा.

धबधबा सुमारे ३०० फुटांचा, बघायचा तो वरून, कठड्याच्या अलीकडूनच. वर डोंगरात पाऊस झाला की इथे कोरडं असतानाही पाणी अचानक चढतं. २०११ मध्ये माणसं वाहून गेलीत. म्हणून पात्रात उतरणं नाहीच.

वेळ उरला तर महूकडे परतून मंडलेश्वर रस्त्याने जाम दरवाजा गाठा. अहिल्याबाईंच्या काळातला, खाली निमाडचा सगळा सखल प्रदेश दिसतो. मला तर धबधब्यापेक्षा तोच आवडतो.