घरी विंडोजवर चालणारं 'गेटच' (सी प्रोग्राममध्ये एंटरशिवाय एक कळ वाचणारं फंक्शन) फोंड्याच्या कॉलेजात लिनक्सवर का चालत नाही?

कारण गेटच ज्या कोनिओ हेडरमधून येतं, ते सी भाषेच्या प्रमाणित भागात नाहीच; डॉसच्या काळातल्या कंपायलरांनी दिलेली ती सोय आहे. तेव्हा दोन्हीकडे एकच कोड हवा असेल तर कर्सेस (टर्मिनलचा पडदा आणि कळा हाताळणारी लायब्ररी) वापरा: लिनक्सवर एनकर्सेस, विंडोजवर पीडीकर्सेस. फंक्शनांची नावं दोन्हींत तीच.

लिनक्सवर टर्मिनल मुळात ओळीच्या हिशेबाने चालतं. एंटर दाबेपर्यंत अक्षरं कर्नलच (लिनक्सचा गाभा) अडवून ठेवतो, म्हणून नुसतं गेटचार (सीचं अक्षर वाचणारं प्रमाणित फंक्शन) वापरून काही साधत नाही. सुरुवातीला इनिटस्क्र (कर्सेस सुरू करतं), मग सीब्रेक (एंटरची वाट बंद), नोएको (दाबलेलं अक्षर पडद्यावर उमटत नाही) आणि कीपॅड चालू करा. हे शेवटचं विसरू नका! बाणाची कळ बहुतेक टर्मिनलांत एस्केपपासून सुरू होणारे तीन बाइट पाठवते. कीपॅड चालू असेल तर त्यांचा एकच आकडा मिळतो. तो कॅरेक्टर प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये मावत नाही, इंटमध्येच (पूर्णांकाचा प्रकार) घ्या. बाहेर पडताना एंडविन (टर्मिनल पूर्ववत करतं) हवंच. प्रोग्राम मध्येच कोसळून टर्मिनल बिघडलं तर न दिसताही 'एसटीटीवाय सेन' (stty sane) टाइप करून एंटर दाबा.

एक अट: मराठी किंवा कोंकणी नावं देवनागरीत टाइप करून घ्यायची असतील तर साधं एनकर्सेस पुरत नाही, कारण यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं असतं. तिथे रुंद अक्षरांची आवृत्ती, म्हणजे एनकर्सेसडब्ल्यू, जोडा आणि इनिटस्क्रच्या आधी सेटलोकेल (प्रोग्रामची भाषा-लिपीची मांडणी ठरवणारं फंक्शन) बोलवा.