विमानप्रवासात इन्सुलिन आणि वापरलेल्या सुया

प्रश्न : मी ६४ वर्षांची असून दिवसातून चार वेळा पेनने इन्सुलिन घेते. मे महिन्यात मुलाकडे लंडनला जायचे आहे. औषध सामानाच्या बॅगेत ठेवावे का, आणि वापरलेल्या सुयांचे काय करावे?

उत्तर : सामानाच्या बॅगेत मुळीच ठेवू नका. विमानाच्या पोटात तापमान गोठणबिंदूखाली जाऊ शकते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक वाटले, तरी टाकूनच द्यावे लागते. सगळा साठा, जमल्यास गरजेच्या दुप्पट, हातातील पिशवीत ठेवावा. सोबत मूळ वेष्टन आणि औषधांची नावे असलेले डॉक्टरांचे इंग्रजी पत्र असावे, व सुरक्षा तपासणीत आपणहून ते सांगावे. न उघडलेली पेने २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावीत, पण बर्फाच्या पिशवीला थेट टेकवू नयेत. पेनला सुई लावून ठेवल्यास हवेचा दाब बदलताना आत बुडबुडे शिरतात, म्हणून ती टोचण्याच्या वेळीच लावावी. उन्हाळ्यात लंडनचे घड्याळ साडेचार तास मागे असते. लांबलेल्या दिवसाचा डोस डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

वापरलेली सुई आसनाच्या खिशात किंवा जेवणाच्या ताटात ठेवणे म्हणजे सफाई कर्मचाऱ्याच्या बोटाशी खेळ. (असे करणारी सुशिक्षित माणसे कमी नाहीत!) झाकणाचा, सहज न भोसकला जाणारा छोटा डबा जवळ बाळगावा. परतल्यावर तो भरला, की 'सुया' असे लिहून घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा द्यावा. ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नये.